पुण्यातलं झोपेचं क्लिनिक : सहा भेटी, एक तक्ता आणि अडीच वर्षांची गोळी

पाचपैकी चार तारे देते आहे. क्लिनिकचं नाव लिहीत नाही, कारण काही तक्रारीही मांडणार आहे. तिथे मला जो उपचार मिळाला तो इतर शहरांतही मिळतो. तो मागायचा कसा आणि त्यात काय सोसावं लागतं, हे तीन वर्षांपूर्वी मला कुणीतरी सांगायला हवं होतं. म्हणून सविस्तर लिहिते.

मी साताऱ्याची, वय एक्कावन्न. एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. अकरा, एक, तीन, पाच. यांची नोकरी फिरतीची, मुलगी शिकायला बाहेरगावी. रात्रीचं सगळं माझ्याकडे. सव्वादोन वर्षांत मला गजर लावावा लागला नाही. एक वाजला की डोळे आपोआप उघडायचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या गेल्या. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि त्या रात्री एक वाजता मी उठून त्यांच्या खोलीत गेले. कॉट रिकामी होती. मी तशीच दारात उभी राहिले.

त्यानंतर ते रोजचंच झालं. एकला जाग, मग तीनपर्यंत कूस बदलणं, आता मात्र स्वतःची. पहाटे जरा डोळा लागतोय तोवर दूधवाला. आठवड्यातून निदान तीन रात्री आणि सलग तीन महिने असं चाललं की त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात, हे मला पुढे कळलं. तेव्हा आठवड्याच्या सातही रात्री तशाच जात होत्या.

घरगुती उपाय सगळे केले. चिमूटभर जायफळ उगाळून दुधातून घेतलं (चिमूटभरच घ्यावं, जास्त जायफळ अंगावर येतं). पाठदुखीवरची म्हणून विकली जाणारी सत्तावीस हजारांची गादी घेतली. मुलीने मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं. ते सकाळी सांगायचं, ‘गाढ झोप ३८ मिनिटं.’ तो आकडा बघून दिवसभर जीव टांगणीला. घड्याळाचे झोपेचे आकडे बघून काळजी वाढते आणि त्या काळजीने झोप आणखी उडते, याला संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावच दिलंय. ते घड्याळ आता कपाटात आहे.

डॉक्टरांनी पहिली गोळी दिली ती झोल्पिडेम, दहा मिलिग्रॅमची. पहिल्या रात्री वीस मिनिटांत झोपले. सकाळी मी देवापुढे रडले, इतका आनंद झाला होता. तिसऱ्या महिन्यात एका रात्री हे घरी होते म्हणून आम्ही वाचलो. करपल्याच्या वासाने ते उठले. ओट्यावर दुधाचं पातेलं जळून काळं झालं होतं, गॅस चालू, आणि मी खोलीत गाढ झोपलेली. मी कधी उठले, कधी दूध तापत ठेवलं, मला आजही आठवत नाही. या औषधाने झोपेत चालणं, स्वयंपाक करणं, गाडी चालवणंसुद्धा घडू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. त्याआधी २०१३ मध्येच बायकांसाठी सुरुवातीचा डोस दहावरून पाचवर आणायला सांगितलं होतं, कारण बायकांच्या रक्तात सकाळपर्यंत हे औषध जास्त उरतं. मला मात्र दहाचीच मिळाली होती.

मग ती बंद करून क्लोनाझेपाम, अर्धा मिलिग्रॅम, ‘पंधरा दिवस घ्या.’ पंधरा दिवसांची अडीच वर्षं झाली. जुनी चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाला पाकीट काढून द्यायचा. मी मागत होते आणि तो देत होता, दोघांनाही त्यात वावगं वाटत नव्हतं. रात्री गुंगी यायची, पण सकाळी अकरापर्यंत डोक्यावर ओलं घोंगडं टाकल्यासारखं. हे औषध शरीरातून अर्धं कमी व्हायलाच साधारण तीस ते चाळीस तास लागतात. म्हणजे आजची गोळी उतरायच्या आधी उद्याची आत. डिसेंबर २०२४ मध्ये एका ठेवीदाराची १,३५,००० ची पावती मी १,५३,००० अशी लिहिली. त्यांनीच काउंटरवर दाखवून दिली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. त्या संध्याकाळी मी पुण्याची वेळ घेतली.

आता क्लिनिकबद्दल.

पहिल्या भेटीत साडेअकराची वेळ होती आणि आत गेले एक वीसला. झोप न झालेल्या माणसांना खुर्च्यांवर पावणेदोन तास बसवून ठेवणं बरोबर नाही. भिंतीवरचा टीव्ही मोठ्याने चालू. फॉर्म सगळे इंग्रजीत. माझ्या शेजारी वाईचे एक आजोबा होते, ते फॉर्म हातात धरून नुसतेच बसले होते. मी त्यांना एकेक प्रश्न मराठीत सांगून भरून दिला. पुण्यात बसून मराठी माणसांवर उपचार करता आणि सात प्रश्नांचा कागद मराठीत करून घेत नाही, याचा मला मनापासून राग आला. एक तारा इथेच कापला. काउंटरवर मेलाटोनिनच्या गोड गोळ्यांच्या बरण्या आणि ‘झोपेच्या उशा’ मांडल्या होत्या. डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, तुम्हाला यातलं काहीच लागणार नाही. मग विकायला ठेवता कशाला?

पण आत गेल्यावर जे झालं ते चार ताऱ्यांचं होतं.

मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी वीस मिनिटं दिली आणि आधी गोळीला हातच लावला नाही. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, संध्याकाळी पाय वळवळतात का, मूड कधी खूप चढतो का, फिट येते का, हे सगळं विचारलं. थायरॉइड आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासलं. एका रात्रीसाठी बोटाला आणि नाकाला लावायचं यंत्र घरी दिलं. श्वास अडकण्याचं प्रमाण तासाला तीन निघालं. पाचच्या आत असलं की ठीक. त्या सात प्रश्नांच्या कागदावर मला अठ्ठावीसपैकी बावीस गुण मिळाले. बावीसपासून पुढे तीव्र निद्रानाश धरतात. कुणीतरी माझ्या रात्रींना आकडा दिला, याचंच मला बरं वाटलं.

त्या म्हणाल्या, ‘गोळी आज थांबवायची नाही. एवढी वर्षं घेतलेली गोळी एकदम सोडली तर हात कापतात, झोप पूर्वीपेक्षा वाईट होते, कधी फिटही येते. आधी झोपेचा पाया घालू, मग गोळी हळूहळू काढू.’ हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहिते आहे. माझी एक मैत्रीण अशीच एका सकाळी गोळ्या कचऱ्यात टाकून मोकळी झाली आणि चार दिवसांनी तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

पुढच्या सहा भेटी मानसशास्त्रज्ञ मुलीबरोबर, प्रत्येकी पाऊण तास. मुलगीच म्हणते, माझ्या लेकीहून चारेक वर्षांनी मोठी असेल. मला ‘ताई’ म्हणायची. या उपचाराला इंग्रजी आद्याक्षरांनी सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलून निद्रानाशावर करायचा उपचार. जुनाट निद्रानाशावर सर्वांत आधी हाच द्यावा, औषध त्यानंतर, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय. मला नऊ वर्षांनी आणि स्वतः शोधल्यावर मिळाला.

तिने पहिल्या दिवशी एक तक्ता दिला. रोज सकाळी लिहायचं: अंथरुणात कधी गेले, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठले. घड्याळ बघायचं नाही, अंदाजच लिहायचा. बेडरूममधलं भिंतीवरचं घड्याळ त्याच दिवशी उतरवलं. आठवड्याने तिने माझ्यासमोर बेरीज केली. रात्री साडेनऊला आडवी होत होते, साडेसहाला उठत होते. अंथरुणात नऊ तास, झोप सरासरी चार तास पन्नास मिनिटं. म्हणजे चौपन्न टक्के. पंच्याऐंशीच्या वर पाहिजे.

मग तिने जे सांगितलं ते माझ्या गळी उतरायला वेळ लागला. ‘ताई, तुमचा झोपेचा हलकेपणा जन्माचा असेल. सासूबाईंच्या आजारपणाने झोप मोडली. पण ते आजारपण संपून तीन वर्षं झाली. आता झोप मोडलेली राहते ती तुम्ही तिच्यासाठी जे करता त्यामुळे. लवकर आडवं होणं, सुट्टीच्या दिवशी लोळणं, जागेपणी अंथरुणात पडून राहणं.’ मी सासूबाईंचं नाव घेऊन रडेन असं वाटलं होतं. त्याऐवजी मला वाटलं, अरे, म्हणजे माझ्या हातात काहीतरी आहे.

उपाय असा की झोप जितकी होते तितकाच वेळ अंथरुणात काढायचा. माझ्यासाठी रात्री बारा ते पहाटे साडेपाच. त्याच्या आधी पाठ टेकायची नाही, दुपारची डुलकी नाही, रविवारीही साडेपाचलाच उठायचं. पाच तासांच्या खाली ही मुदत नेत नाहीत. झोपेवर मर्यादा घालायची ही पद्धत आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडली. झोप येत नसलेल्या बाईला ‘कमी झोपा’ सांगायचं, हे ऐकून हे तर उठून निघायलाच लागले होते.

पहिले दहा दिवस फार वाईट गेले. साडेनऊपासून बारापर्यंत करायचं काय? टीव्ही आणि फोन बंद, मोठा दिवा बंद. दहाला पापण्या मिटायच्या, मी उभी राहायचे. ऑफिसात साडेतीनला डोकं टेबलावर आपटेल असं वाटायचं. तिने आधीच बजावलं होतं की पहिले काही आठवडे स्कूटर चालवायची नाही, म्हणून गोडोलीहून पोवई नाक्यापर्यंत चालत जात होते. त्या चालण्याचा एक फायदा नंतर कळला: सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्री झोपेची वेळ आपसूक ठरते. स्कूटर परत सुरू झाली, पण सकाळचं चालणं मी सोडलेलं नाही.

चहाचं सांगते. आमच्याकडे साडेचारला सगळ्या टेबलांवर चहा येतो. चहातलं कॅफिन शरीरात अर्धं उरायलाच पाच-सहा तास घेतं. म्हणजे साडेचारच्या चहाचा अर्धा भाग रात्री दहालाही आत असतो. दोननंतरचा चहा बंद केला. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, मग सवय झाली. साडेचारला आता गरम पाण्यात आलं-लिंबू घेते आणि सगळ्यांबरोबर बसते, कारण तो वेळ गप्पांचा असतो आणि तो मला गमवायचा नव्हता.

दुसरा नियम: मध्यरात्री जाग आली आणि साधारण वीस मिनिटं झाली असं वाटलं की अंथरूण सोडायचं. दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, झोप डोळ्यांवर आली की परत. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितलेला हा नियम आजही तसाच चालतो. अंथरूण दिसलं की मनाला झोपच आठवावी, तळमळ आठवू नये, असा त्यामागचा विचार. मी वाती वळायला घेतल्या. आईने दिलेला पितळेचा डबा होता, तो आणि कापूस घेऊन हॉलमधल्या खुर्चीत बसायचे. पहिल्या महिन्यात डबा दोनदा भरला.

पहिल्या आठवड्यात साडेपाच तासांपैकी झोप चार तास पस्तीस मिनिटं, त्र्याऐंशी टक्के. रडकुंडीला आले, कारण पूर्वीपेक्षा झोप कमीच झाली होती. ती म्हणाली, ‘ताई, मिनिटं बघू नका, टक्के बघा.’ दुसऱ्या आठवड्यात चार पन्नास, अठ्ठ्याऐंशी टक्के. मग पंधरा मिनिटं वाढवून मिळाली, पावणेबाराला झोपायचं. त्या पंधरा मिनिटांचा मला जो आनंद झाला तो पगारवाढीचाही झाला नव्हता. आठव्या आठवड्याच्या शेवटी अकरा ते साडेपाच, त्यात पाच तास पंचावन्न मिनिटं झोप, एक्क्याण्णव टक्के. बावीस गुणांचे अकरा झाले.

तिला एकदा भीत भीत सांगितलं की हे घरी असले की रात्री काशाच्या वाटीने तळपाय घासून देतात, तेल लावून. मला वाटलं, ती म्हणेल बंद करा. ती म्हणाली, ‘अंथरुणात नको, खुर्चीत बसून अर्धा तास आधी घ्या, आणि हे काहीही झालं तरी चालू ठेवा.’ त्या दिवसापासून मला तिच्याबद्दल माया आहे.

गोळी काढणं फेब्रुवारीच्या मध्यात सुरू झालं. पाव मिलिग्रॅमच्या गोळ्या लिहून दिल्या. आधी दीड, मग एक, मग अर्धी, मग शून्य, प्रत्येक पायरीला महिन्याहून जास्त. दीड आणि एक सहज गेल्या. अर्ध्या गोळीवर आले तेव्हा पाच-सहा रात्री छाती धडधडली, तोंडाला कोरड, विनाकारण भीती. मला वाटलं आजार परत आला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की हा आजार नाही, औषध निघताना होतंच. त्याच पायरीवर थांबा, मागे जाऊ नका, पुढेही जाऊ नका. दोन आठवडे जास्त थांबले. शेवटची अर्धी गोळी २९ जून २०२५ ला घेतली. रिकामं पाकीट कात्रीने कापून टाकलं.

गोळ्यांना शिव्या देण्यासाठी हे लिहिलेलं नाही. सासूबाई गेल्यानंतरचे पहिले महिने मला गोळीशिवाय निभले नसते, आणि काही आजारांत त्या वर्षानुवर्षं लागतातच. माझा राग आहे तो ‘पंधरा दिवस’ लिहून सोळाव्या दिवसाबद्दल कुणीच न बोलण्यावर. झोल्पिडेमसारखी औषधं मार्च २०१४ पासून एच-वन यादीत आहेत. दुकानदाराने ती विकताना डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. क्लोनाझेपामही चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पण जुन्या चिठ्ठीवर कितव्यांदा गोळी जाते आहे, हे माझ्या बाबतीत एकदाही कुणी विचारलं नाही. डॉक्टरने गोळी लिहिताना ती बंद कशी करायची हेही त्याच कागदावर लिहावं. रुग्णाने ते तिथेच मागून घ्यावं.

खर्च: पहिली भेट दीड हजार, घरची तपासणी पाच हजार, सहा भेटींचे मिळून नऊ हजार. रक्ततपासणी वेगळी. एसटीला बायकांना अर्धं तिकीट असल्याने प्रवास फारसा लागला नाही, पण खंबाटकीच्या वाहतुकीत दर वेळी रजा जायची. चौथी भेट ऑनलाइन घेतली. ती तीनदा तुटली आणि उरलेला वेळ भरून मिळाला नाही. शनिवारी-रविवारी क्लिनिक बंद, म्हणजे नोकरी करणाऱ्यांनी यायचं कधी? ज्यांना एवढा खर्च जमत नाही त्यांनी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात केसपेपर काढावा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलतात.

ज्यांना फिट येते, ज्यांना बायपोलर आजार आहे, जे ट्रक किंवा बस चालवतात किंवा उंचावर काम करतात, त्यांनी झोपेची वेळ कापण्याचा हा प्रयोग मनाने करू नये. मलाही आधी ते सगळं विचारूनच सुरुवात झाली होती.

या गणपतीत घरात अकरा पाहुणे होते. जागरण, उकाडा, दुपारचे झोपाळे डोळे. विसर्जनानंतर चार रात्री परत एकला जाग. चौथ्या रात्री मी कपाटाजवळ जाऊन उभी राहिले. तिथे काही नव्हतं, तरी. मग जुना तक्ता काढला, बारा ते साडेपाच पुन्हा लावलं, आणि खुर्चीत जाऊन बसले. नऊ दिवसांनी गाडी रुळावर आली. मुलीने फोनवर विचारलं, ‘आई, क्लिनिकला जायचं का परत?’ म्हटलं, नको, तक्ता आहे माझ्याकडे.

गेल्या महिन्यात त्या कागदावर सात गुण आले. रात्री सहा तास, कधी सव्वासहा. अजून कधी कधी एकला जाग येते. सासूबाईंची आठवण येते, मी कूस बदलते, आणि बहुतेक वेळा परत झोप लागते. २०२६ च्या अधिक ज्येष्ठासाठी शेजारच्या काकूंना वाती हव्या होत्या म्हणून परवा पितळेचा डबा काढला. निम्मासुद्धा भरलेला नव्हता. त्यांना म्हटलं, या वेळी दुपारी बसून वळून देते.